वीतभर युफोर्बियाचं नाव बीवरून ठरवा: सायप्रसमध्ये नव्याने झाडं ओळखणाऱ्यांसाठी

लिमासोल शहराच्या मागे पांढऱ्या खडूच्या टेकड्या आहेत. तिथल्या जुन्या ऑलिव्हच्या बांधांवर जानेवारीपासून मेपर्यंत एक वीतभर उंचीची हिरवी वनस्पती हमखास भेटते. पान खुडलं की पांढरा चीक येतो. फूल बघायला वाकावं तर पाकळ्या नाहीत, नुसते पिवळसर हिरवे ठिपके. ही युफोर्बिया. आपला शेर आणि त्रिधारी निवडुंग ज्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या ज्या गटात येतात, तीच.

फोनवरच्या अ‍ॅपला फोटो दाखवला की ते बहुतेक वेळा ‘युफोर्बिया पेप्लस’ असं सांगतं, आणि अनेकदा ते बरोबरही असतं. पण त्याच बांधावर, हात लांब केला तर पोहोचेल एवढ्या अंतरावर, तिच्या तीन-चार बहिणी उभ्या असतात: हेलिओस्कोपिया, एक्झिग्वा, फाल्काटा, अलेप्पिका. त्या लांबून एकसारख्या दिसतात. शिवाय पाऊस कमी झाला की सगळ्याच खुरटतात आणि मग जवळूनही एकसारख्या दिसू लागतात. नवऱ्याच्या जहाज कंपनीतल्या नोकरीमुळे मी इथे राहायला आले. पहिले दोन हंगाम मी या झाडांना पानांवरून नावं देत होते आणि त्यातली बरीच पुढे खोडावी लागली. म्हणून तुम्हाला एकच आग्रहाने सांगते: पिकलेलं बी तळहातावर येईपर्यंत नाव पेन्सिलीने लिहा.

निघण्याआधी

पूर्व भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो, हे आपल्याकडून आलेल्या माणसाच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिल्या सरी येतात, डिसेंबर-जानेवारीत जोर असतो आणि एप्रिलनंतर आकाश कोरडं होतं. आपला तेरडा नि टाकळा जे काम जून ते सप्टेंबरमध्ये उरकतात, ते इथली वर्षायू, म्हणजे एका हंगामात उगवून संपणारी झाडं दिवाळी ते गुढीपाडवा या काळात करतात. पेप्लस आणि हेलिओस्कोपिया लवकर फुलतात. फाल्काटा मागून येते. अलेप्पिका तर बाकीचं रान वाळून खडखडीत झाल्यावर शेतांच्या कडेला हिरवी दिसते. नुसत्या महिन्यावरून जात ठरत नाही, पण शोधायला कधी जायचं ते कळतं.

सोबत दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. एक मिलिमीटरच्या चौकटींचा आलेख कागद, एक काळा कागद आणि दहा-बारा कागदी पाकिटंही लागतील. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, त्यात ओल धरते आणि नमुन्याला बुरशी येते.

चिकाबद्दल मात्र नीट वाचा. शेराचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, हे आपल्याकडे गावातल्या लहान मुलालाही माहीत असतं. ही झाडं वीतभर असली तरी त्यांचा चीकही तसाच दाहक आहे. कातडीवर तो जळजळ करतो, फोड आणू शकतो, आणि डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा करतो. झाड हाताळल्यावर डोळे चोळू नका, साबणाने हात धुवा. भिंग डोळ्याला लावायचं असतं, तेव्हा भिंग धरायचा हात वेगळा आणि झाड धरायचा हात वेगळा ठेवा. डोळ्यात गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवा आणि डॉक्टरकडे जा, थांबून बघू नका. पेप्लसचा चीक चामखिळीवर लावायची जुनी पद्धत अनेक देशांत आहे. त्या चिकातल्या इन्जेनॉल मेब्युटेट या द्रव्याचा मलम उन्हाने खराब झालेल्या त्वचेच्या एका विकारावर २०१२ मध्ये मंजूर झाला होता. त्याने त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढत असावा, अशा काळजीने २०२० मध्ये तो युरोपातून काढून घेतला गेला. तेव्हा बांधावरचा चीक कुणीही अंगावर लावून बघू नये.

ही युफोर्बियाच आहे ना?

चीक हा पहिला पुरावा, पण एकटा पुरेसा नाही. इथल्या बांधांवर सोंकस आणि रानटी लेट्यूस यांनाही पांढरा चीक येतो. त्यांचं फूल मात्र झेंडूच्या घराण्यातलं, पिवळ्या गोंड्यासारखं असतं. उलट मर्क्युरिअ‍ॅलिस अ‍ॅन्युआ नावाचं एक तण ह्याच एरंड कुळातलं आहे, लांबून युफोर्बियासारखं वाटतं, पण पानं समोरासमोर आणि खुडल्यावर चीक नाही.

खात्री होते ती पेल्यावरून. ज्याला आपण फूल समजतो तो एक छोटा हिरवा पेला असतो. त्याच्या मधोमध एकच मादी फूल, म्हणजे देठावरचा तीन कप्प्यांचा बीजकोश. भोवती काही नर फुलं, आणि प्रत्येक नर फूल म्हणजे फक्त एक पुंकेसर. पेल्याच्या काठावर साधारण चार ग्रंथी, त्यांच्यावर मध चमकतो. आधी मादी फुलाचे टोकं दुभंगलेले कुक्षीवृंत दिसतात. मग बीजकोश देठासकट पेल्याबाहेर येऊन एका बाजूला कलतो, आणि मागून पुंकेसर वर येतात. एकाच झाडावर हे सगळे टप्पे सापडतात. पहिल्या दिवशी नावाच्या मागे न लागता अर्धा तास फक्त हा पेला बघा, असं मी म्हणेन. एकदा तो डोळ्यात बसला की बाकी सगळं सोपं होतं.

उभी की जमिनीवर पसरलेली?

झाड जमिनीला चिकटून पसरलेलं असेल, पानं समोरासमोर असतील आणि प्रत्येक पानाचा तळ एका बाजूला जास्त फुगलेला असेल, तर तुम्ही वेगळ्या गटात आहात. आपल्याकडे फरशांच्या फटीतून उगवणारी नायटी, जिला दुधीही म्हणतात, त्याच गटातली. सायप्रसमध्ये या गटातली मूळची कॅमेसाइसी आहे आणि अमेरिकेतून आलेली प्रोस्ट्राटाही आहे. त्या उन्हाळ्यात, पाणी घातलेल्या बागांत आणि पदपथांवर जास्त दिसतात. समुद्रकाठच्या वाळूत लालसर देठांची, जाडसर पानांची पेप्लिस भेटते. पेप्लस आणि पेप्लिस ही दोन नावं एका वेलांटीने चुकतात, वहीत लिहिताना जपा. या गटात फळावरची लव कुठे आहे ते बघायचं: प्रोस्ट्राटाच्या फळावर ती फक्त तीन कण्यांवर रांगेने असते.

हा लेख उभ्या राहणाऱ्या, शेंड्याला छत्रीसारख्या फांद्या फुटणाऱ्या झाडांबद्दल आहे. खोडावरची पानं एकाआड एक, मग शेंड्याला काही पानांचा एक घेर, त्या घेरातून निघणाऱ्या तीन ते पाच काड्या, आणि प्रत्येक काडी पुढे दुभंगत जाणारी. प्रत्येक दुभाजनाला पानांची एक जोडी आणि त्या जोडीत एक पेला बसलेला. खोडावरच्या पानांपेक्षा ही वरची जोडपानं वेगळ्या आकाराची असतात, म्हणून वहीत दोन्हींचं वेगळं चित्र काढा.

झाड वर्षायू आहे का, हे मुळावरून कळतं. बारीक, सहज उपटून येणारं सोटमूळ असेल तर वर्षायू. खाली लाकडासारखा बुंधा किंवा गेल्या वर्षीचे वाळके देठ असतील तर ती बारमाही जात, आणि पुढचं काही तिला लागू नाही. सायप्रसमध्ये डायमॉर्फोकॉलॉन नावाची एक इवलीशी युफोर्बिया जमिनीखाली कंद ठेवते. शरद ऋतूत तिचे जवळजवळ निष्पर्ण, फुलांचे देठ वर येतात आणि पानांचे देठ वेगळे, मागून येतात. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा आपल्या सह्याद्रीतली पांचगणीच्या नावाची युफोर्बिया पांचगणीएन्सिस आठवली. तीही कंदातून, पानांच्या आधी, कोरड्या दिवसांत फुलते. दोन इतक्या वेगळ्या हवामानांत दोन झाडांनी कोरड्या काळावर सारखाच तोडगा काढलेला पाहून फार आनंद झाला होता.

पानांनी कुठवर न्यायचं

पानांवरून एक जात लगेच बाजूला काढता येते. पान टोकाकडे रुंद, चमच्यासारखं, आणि टोकाच्या कडेला बारीक दाते असतील तर ती हेलिओस्कोपिया. तिला काड्या पाच असतात आणि वरचा सगळा भाग पिवळट हिरवा चमकतो. ही उत्तर भारतात गव्हाच्या शेतांत तण म्हणून उगवते, पंजाबातून इकडे आलेल्या शेतकऱ्याला ती ओळखीची वाटेल.

दाते नसतील तर चार उमेदवार उरतात. पेप्लसचं पान मऊ, अंडाकृती आणि स्पष्ट देठ असलेलं, काड्या तीन. एक्झिग्वाचं पान देठाविना, दोऱ्यासारखं अरुंद. फाल्काटाचं पान निळसर झाक असलेलं, टोकाला एक बारीक काटेरी अणी. तिची वरची जोडपानं रुंद, तळाशी जरा वाकडी, आणि त्यांनाही तशीच अणी. अलेप्पिकाच्या देठावर खाली सुईसारखी पानं दाटीने लागलेली असतात, त्यामुळे ती एखाद्या छोट्या सुरूच्या रोपासारखी दिसते, आणि वरची जोडपानं मात्र अचानक रुंद होतात.

वाचताना हे स्वच्छ वाटतं. बांधावर ते तसं राहत नाही. उथळ मातीत तीन सेंटिमीटरचं झाड एकच पेला धरून उभं असतं, काड्या दोनच असतात किंवा नसतातच. खालची पानं केव्हाच गळलेली असतात. काड्या मोजून अशा झाडाचं नाव ठरवू नका.

ग्रंथी बघा, पण वेळेवर

आता भिंग लावा. पेल्याच्या काठावरच्या ग्रंथींचा आकार दोन प्रकारचा असतो. हेलिओस्कोपियाच्या ग्रंथी अखंड, लांबट गोल, कुठेही टोक नसलेल्या. बाकीच्या चारही जातींत ग्रंथीला दोन शिंगं असतात, कपाळावरच्या चंद्रकोर टिकलीसारखी. पेप्लसची शिंगं लांब, बारीक आणि फिकट. फाल्काटाची तुलनेने आखूड. ‘फाल्काटा’ या शब्दाचा अर्थच विळ्याच्या आकाराची.

शिंगं ताज्या पेल्यावरच बघावीत. जुन्या पेल्यावर ती सुकतात, तुटतात, आणि शिंगांची ग्रंथी बिनशिंगांची वाटू लागते. एकाच पेल्यावर विसंबू नका, एका झाडावरचे निदान पाच बघा. फोटो काढताना वरून सरळ काढा. तिरक्या फोटोत एक शिंग ग्रंथीमागे लपतं आणि मग घरी बसून वाद होतात.

आता फळ आणि बी

फळ तीन कप्प्यांचं, प्रत्येक कप्प्यात एक बी. फळाची पाठ नीट बघा. पेप्लसच्या प्रत्येक कप्प्याच्या पाठीवर दोन समांतर, पंखासारखे कंगोरे असतात. हा फार चांगला पुरावा आहे, कच्च्या फळावरही दिसतो. फळ दोन बोटांत हलकेच फिरवलं की कंगोऱ्यांवर उजेड अडतो. हेलिओस्कोपिया, एक्झिग्वा आणि फाल्काटा यांची फळं गुळगुळीत. फळावर चामखिळींसारखे उंचवटे किंवा केस असतील तर तुमचं झाड या पाचांतलं नाही. ते बाजूला ठेवा आणि मोठ्या यादीकडे वळा.

बी मिळवायची एक युक्ती आहे. या फळांचे कप्पे सुकले की फटकन फुटतात आणि बी दूर उडतं, त्यामुळे झाडावर पिकलेलं बी सापडणं अवघड जातं. फळं भरलेली, पण अजून न फुटलेली अशी एक फांदी कागदी पाकिटात घाला, तोंड नीट दुमडा आणि घरात कोरड्या जागी ठेवा. एक-दोन दिवसांत पाकिटातून टक-टक आवाज यायला लागतात. मग पाकीट काळ्या कागदावर उलटं करा. कच्च्या फळातून नखाने काढलेलं बी फसवतं: ते मऊ, फिकट असतं आणि वरची नक्षी पुरती उमटलेली नसते. त्यावरून काहीच ठरवू नये.

बियांच्या एका टोकाला एक लहान फिकट गाठ असते. मुंग्या त्या गाठीसाठी बी ओढून नेतात. बऱ्याचदा ती गळून पडते, तेव्हा गाठ नाही म्हणून गोंधळू नका.

आता भिंगाखाली नक्षी बघा. यातच या कामाचं खरं सुख आहे, म्हणून घाई नको. पेप्लसचं बी फिकट करडं, सव्वा मिलिमीटरच्या आसपास. त्याच्या पाठीकडच्या बाजूंवर लहान खळग्यांच्या रांगा असतात, एका रांगेत तीन-चार, आणि पोटाकडे दोन लांब उभ्या चरी. जणू सोंगटीवर कुणी ठिपके कोरलेत. फाल्काटाचं बी जरासं चपटं, चार कडांचं, आणि त्यावर आडव्या चरी एकाखाली एक. एक्झिग्वाचं बी फिकट, त्यावर वेडेवाकडे बारीक उंचवटे. अलेप्पिकाचंही खडबडीत, सुरकुतलेलं. म्हणून या दोघींत बीसोबत पानांकडेही पुन्हा वळावं लागतं. हेलिओस्कोपियाचं बी सगळ्यांत मोठं, दोन मिलिमीटरचं, तपकिरी, आणि त्यावर जाळीसारखं विणकाम. आलेख कागदावर ठेवून फोटो काढला की माप आपोआप येतं. फोनचा कॅमेरा भिंगावर टेकवून काढलेले फोटोही पुरेसे स्पष्ट येतात, फक्त उजेड एका बाजूने पडू द्या म्हणजे खळगे नि चरी सावलीमुळे उठून दिसतील.

पेप्लस, हेलिओस्कोपिया, एक्झिग्वा, फाल्काटा, अलेप्पिका या पाचही जातींना स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्येच नावं दिली होती. पुढे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ एदमाँ बुआसिए यांनी १८६२ मध्ये जगभरातल्या युफोर्बियांचं वर्णन लिहिलं. नमुना वाळल्यावर पानांचा रंग जातो, ग्रंथी आकसतात, पण बीवरची नक्षी शंभर वर्षांनीही तशीच राहते. पुढे जायचं असेल तर मीकल यांच्या सायप्रसच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाचा १९८५ मध्ये निघालेला दुसरा खंड बघा, युफोर्बिया त्यात आहे.

माझी एक चूक, कारण ती तुमच्याकडूनही होईल

मार्च महिना होता. त्या वर्षी पाऊस लवकर थांबला होता. खडूच्या उतारावर सहा सेंटिमीटर उंचीची झाडं, पानं अरुंद, ग्रंथींना शिंगं. मी शाईने ‘एक्झिग्वा’ लिहून टाकलं आणि नोंदही ऑनलाइन चढवली. एका अनुभवी माणसाने विचारलं, “वरच्या जोडपानांना अणी आहे का?” फोटोत ते दिसत नव्हतं. तीन आठवड्यांनी पुन्हा गेले तेव्हा बरीचशी झाडं वाळली होती, पण दोन-तीन फांद्या पाकिटात घालता आल्या. काळ्या कागदावर पडलेल्या बियांवर आडव्या चरी होत्या. ती फाल्काटा होती, दुष्काळाने इतकी खुरटलेली की तिचं पान एक्झिग्वाएवढं झालं होतं. आणि त्याच पाकिटात दोन बिया वेगळ्या होत्या: खडबडीत, चरी नसलेल्या. म्हणजे दोन्ही जाती एकमेकींत मिसळून वाढत होत्या आणि मी त्यांना एकच समजून एकाच पाकिटात घातलं होतं. त्या दिवसापासून एका पाकिटात एकाच झाडाची फांदी.

नोंद करताना

झाडं भरपूर असतील तरच एखादं उपटा. राखीव जंगलात आणि नैसर्गिक उद्यानात काहीही तोडू नका, तिथे फोटो आणि चित्र एवढंच. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद चढवताना पाच फोटो द्या: पूर्ण झाड, खोडावरचं पान, वरची जोडपानं, वरून सरळ काढलेला पेला, आणि फळाची पाठ. बी नंतर मिळालं तर त्याच नोंदीत जोडा, नवी नोंद करू नका. नाव पक्कं नसेल तेव्हा फक्त ‘युफोर्बिया’ इथवर लिहिणं पूर्णपणे चालतं. चुकीच्या जातीपेक्षा बरोबर प्रजाती बरी.

बिया भारतात घेऊन येऊ नका, पाकिटात चुकून राहिलेल्यासुद्धा. रोपं आणि बिया देशात आणण्यावर भारत सरकारच्या २००३ च्या आदेशाचे नियम आहेत, आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ही झाडं जिथे जातात तिथे तण होऊन बसतात. पेप्लस याच स्वभावामुळे युरोपातून निघून ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली आहे. परतीच्या आधी बुटांचे तळ आणि पिशवीचे कोपरे झटकून घ्या.

पाकिटावर तारीख, जागा, उंची, माती पांढरी खडूची की लाल, आणि सोबत काय उगवलं होतं ते लिहा. नाव कोपऱ्यात, पेन्सिलीने. बी बघितल्यावर त्याच पेन्सिलीखाली शाईने खरं नाव लिहा आणि पेन्सिलीचं पुसू नका. पुढच्या हंगामात आपण कशामुळे फसलो होतो, ते त्या दोन ओळी शेजारी-शेजारी वाचूनच कळतं.